उबवणीची अंडी आणि एक दिवसाची पिल्ले : घरून विकण्यापूर्वी आणि पाठवण्यापूर्वी

उबवणीचे अंडे खाण्याच्या अंड्यासारखेच दिसते, वजनालाही तेवढेच असते आणि बहुतेक वेळा त्याच घरट्यातून उचललेले असते. त्यामुळे घरी पाळलेल्या कोंबड्यांची अंडी दूरच्या ग्राहकाला पाठवायला निघालेल्या माणसाला हे काम म्हणजे एखादी नाजूक वस्तू नीट बांधून पाठवण्यासारखे वाटते. पण काचेचा पेला फुटला नाही की तो शाबूत पोहोचला असे म्हणता येते. अंड्याचे तसे नसते. कवचाला तडाही न जाता अंडे आतून मेलेले असू शकते, आणि ते विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला आठवडाभर कळतही नाही.

हे समजण्यासाठी अंडे घातले जाण्यापूर्वी काय घडते ते पाहावे लागते. कोंबडीच्या शरीरात एक अंडे तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात. बलक सुटल्यानंतर थोड्याच वेळात त्याचे फलन होते, आणि त्यावर पांढरा भाग, पापुद्रे व शेवटी कवच चढत असताना, सुमारे ४१ अंश सेल्सिअसच्या उबेत, गर्भाच्या पेशींचे विभाजन चालूच राहते. अंडे घरट्यात पडते त्या वेळी बलकावरच्या फिकट ठिपक्यात चाळीस ते साठ हजार पेशी तयार झालेल्या असतात. बाहेर आलेले अंडे थंड झाले की ही वाढ थांबते आणि पुन्हा ऊब मिळेपर्यंत थांबलेली राहते. कोंबडी रोज एक याप्रमाणे अंडी घालते, पुरेशी अंडी साठल्यावरच खुडूक होऊन त्यांवर बसते, आणि तरीही सगळी पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात, ते याच व्यवस्थेमुळे. अंडी पार्सलने पाठवणे शक्य होते तेही तिच्यामुळेच. आपण पाठवतो तो एक थांबलेला जीव असतो, आणि वाटेत तो अर्धवट जागा होऊ नये, गोठू नये, हिसके बसून विस्कटू नये, एवढ्यासाठीच पुढची सगळी खबरदारी घ्यायची असते.

पिल्लांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यांची वाढ थांबवता येत नाही. पोटात शिल्लक राहिलेला बलक संपेपर्यंतचा थोडा अवधी तेवढा त्यांच्याकडे असतो.

सुरुवात कळपापासून

घरच्या कळपातले प्रत्येक अंडे फलित असेलच असे नाही. जड अंगाच्या जातींमध्ये आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आणि हलक्या जातींमध्ये दहा-बारांमागे एक, असे प्रमाण सर्वसाधारणपणे ठेवले जाते. कोंबडा म्हातारा असेल, पायाने अधू असेल किंवा दोन-चार आवडत्या कोंबड्यांभोवतीच फिरत असेल, तर हे प्रमाण कागदावरच राहते. यापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्रजंतू साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि एका मीलनानंतर दोन ते तीन आठवड्यांपर्यंत ती फलित अंडी घालू शकते. याचा अर्थ असा, की कोंबडा बदलल्यानंतर पहिले तीन-चार आठवडे निघणारी पिल्ले कोणाची आहेत हे सांगता येत नाही. जातिवंत अंडी म्हणून विक्री करायची असेल तर एवढा काळ थांबणे हाच एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. वेगवेगळ्या जाती दिवसा एकत्र चरायला सोडून रात्री वेगळ्या खुराड्यात कोंडल्याने काहीही साधत नाही, हेही येथेच स्पष्ट सांगितलेले बरे.

जात आणि रंग यांविषयी विकणाऱ्याला थोडे आनुवंशिकीचे ज्ञान असावेच लागते, कारण त्याच्या अभावी माणूस खोटे बोलण्याचा हेतू नसतानाही खोटे बोलून जातो. निळसर पिसाऱ्याच्या अँडालुशियन कोंबड्यांचे उदाहरण घेऊ. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांच्या अंड्यांतून सरासरी निम्मी पिल्ले निळी, पाव काळी आणि पाव मळकट पांढऱ्या अंगावर गडद शिंतोडे असलेली निघतात. ज्याने निळ्या जोडीचे छायाचित्र पाहून बारा अंडी घेतली त्याला सहाच निळी पिल्ले मिळाली तर त्याची फसवणूक झाल्याची भावना होते, आणि ती दूर करण्याची वेळ विक्रीपूर्वीची असते. सगळीच पिल्ले निळी हवी असतील तर काळ्या आणि शिंतोडेवाल्या पक्ष्यांचा संकर करावा लागतो. काही लक्षणांच्या बाबतीत तर अंड्यातच मृत्यू लिहिलेला असतो. अतिशय आखूड पायांच्या जपानी बँटम कोंबड्यांमध्ये आणि कानाजवळ पिसांचे झुबके असलेल्या अराउकाना जातीमध्ये ते वैशिष्ट्य देणारे जनुक दोन्ही पालकांकडून आले की गर्भ कवचातच मरतो. असे दोन पक्षी जोडीला लावले की सुमारे चौथा हिस्सा अंडी कितीही उत्तम उबवणी यंत्रात ठेवली तरी उबणार नाहीत. ज्याला हे माहीत नाही तो ग्राहकाच्या यंत्राला दोष देत राहतो आणि ग्राहक त्याच्या बांधणीला.

कवचाच्या आतून जाणारे रोग

घरून अंडी विकणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते, की पक्षी पाठवला तर रोग जाईल, अंड्यातून काय जाणार. ही समजूत धोकादायक आहे. साल्मोनेला पुलोरम हा जिवाणू कोंबडीच्या बीजांडकोशात ठाण मांडून बसतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडी घालते, आणि त्यांतल्या काहींत हा जिवाणू आधीच शिरलेला असतो. अशा अंड्यातून निघालेले पिल्लू यंत्रातच शेजारच्या पिल्लांना लागण करते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी हगवण लागून पिल्लांचा थवाच्या थवा मरू शकतो. अमेरिकेत १९३५ मध्ये नॅशनल पोल्ट्री इम्प्रूव्हमेंट प्लॅन हा कार्यक्रम सुरू झाला तो मुख्यतः याच रोगाला आळा घालण्यासाठी. रक्ताच्या एका थेंबात रंगीत चाचणीद्रव मिसळायचे आणि गुठळ्या धरतात का हे दोन मिनिटांत पाहायचे, इतकी ती तपासणी साधी आहे. श्वसनाचा जुनाट आजार निर्माण करणारे मायकोप्लाझ्मा जिवाणूही अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतात. एकदा कळपात शिरलेला मायकोप्लाझ्मा औषधांनी दबतो. तो समूळ जाईल याची खात्री नसते.

म्हणून विक्री सुरू करण्यापूर्वी कळपाची या दोन रोगांसाठी तपासणी करून घेणे आणि त्याचा दाखला ग्राहकाला मागितल्याशिवाय दाखवणे, हे मला पॅकिंगच्या कोणत्याही युक्तीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवावा. कोणाच्या घरून परत आलेले अंड्यांचे ट्रे आणि खोकी पुन्हा वापरू नयेत. पुठ्ठ्याला चिकटलेली विष्ठा धुऊन जात नाही. कळपात एकही पक्षी शिंकत असेल, डोळ्यांतून पाणी गाळत असेल किंवा अंड्यांची संख्या अचानक घटली असेल, तर ती कारणे कळेपर्यंत विक्री बंद ठेवावी, मग मागणी कितीही असो.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण त्याचे तपशील देशागणिक आणि पुष्कळदा गावागणिक बदलतात. चार प्रश्न मात्र सर्वत्र तेच असतात. आपल्या घरी इतके पक्षी आणि विशेषतः कोंबडे पाळण्याची परवानगी आहे का. विक्रीसाठी नोंदणी किंवा आरोग्य दाखला लागतो का. ज्या भागात पार्सल जाणार आहे तेथे पक्षी किंवा अंडी आणण्यावर काही अटी आहेत का. आणि आपण निवडलेली टपाल किंवा कुरिअर सेवा अंडी अथवा जिवंत प्राणी स्वीकारते का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'नाही' असे असते, आणि मग खोक्यावर दुसरेच काही लिहून पाठवण्याचा मोह होतो. तसे केल्यास ते खोके सर्वात खाली रचले जाण्याची, उन्हात राहण्याची आणि नुकसान झाल्यास कोणीही जबाबदारी न घेण्याची तयारी ठेवावी लागते. देशाबाहेर अंडी पाठवताना आयात परवाना आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्र नसेल तर तो सरळ गुन्हा ठरू शकतो. बर्ड फ्लूचा उद्रेक झाला की बाधित ठिकाणाभोवती निर्बंधांचे वर्तुळ आखले जाते; युरोपीय संघात ते संरक्षणासाठी किमान ३ आणि निगराणीसाठी किमान १० किलोमीटर त्रिज्येचे असते. आपले घर त्या वर्तुळात आले तर आपला कळप ठणठणीत असूनही एकही अंडे बाहेर पाठवता येत नाही, आणि घेतलेले आगाऊ पैसे परत करावे लागतात.

गोळा करणे आणि साठवणे

अंडी दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत, कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत त्याहून अधिक वेळा. घरट्यात राहिलेल्या अंड्यावर दुसरी, तिसरी कोंबडी येऊन बसते, ते अंडे पुन्हा गरम होते, थांबलेली वाढ थोडी पुढे सरकते आणि परत थांबते. असे वारंवार झाले की गर्भ दुबळा होतो. घरट्यातला भुसा कोरडा आणि स्वच्छ ठेवला तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, कारण मळलेले अंडे धुवावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, जो हवेला वाट देतो पण जिवाणूंना अडवतो. पाण्याने धुताना हा लेप निघून जातो. त्यातही पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. थोडी वाळलेली माती हलक्या हाताने खरवडून काढावी. लडबडलेले अंडे विक्रीतून बाजूला करावे.

निवडीचे निकष कठीण नाहीत. जातीच्या मानाने मध्यम आकाराची, एकसारख्या कवचाची, एक टोक रुंद आणि एक निमुळते स्पष्ट दिसणारी अंडी घ्यावीत. फार लहान, फार लांबट, गोलगरगरीत, दोन बलकांची किंवा खरखरीत कवचाची अंडी वगळावीत. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची पहिली अंडी लहान असतात आणि त्यांतून निघणारी पिल्लेही लहान असतात, म्हणून पहिले काही आठवडे ती खाण्यासाठीच ठेवावीत. प्रत्येक अंडे अंधारात टॉर्चसमोर धरून पाहिले की डोळ्यांना न दिसणारी केसासारखी भेगही उजेडात रेषेसारखी चमकते. अशी भेग असलेले अंडे प्रवासात टिकत नाही, आणि टिकले तरी उबवताना वाजवीपेक्षा जास्त पाणी गमावते.

साठवणीचे तापमान हा विषय जरा सावकाश समजून घ्यावा लागतो. साधारणपणे २१ अंश सेल्सिअसच्या खाली गर्भाची वाढ थांबते. त्याच्या वर ती मंद, विस्कळीत गतीने सुरू होऊ लागते आणि सुसंगत वाढ ३७.५ अंशांच्या आसपासच होते. म्हणून आठवडाभराच्या साठवणीसाठी १५ ते १८ अंश योग्य मानले जातात आणि हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवली जाते. घरातल्या फ्रिजमध्ये सुमारे ४ अंश तापमान असते आणि हवाही कोरडी असते, त्यामुळे खाण्याच्या अंड्यांसाठी चांगली असलेली ती जागा उबवणीच्या अंड्यांसाठी वाईट आहे. थंड जागेतून काढलेली अंडी दमट, उबदार हवेत एकदम आणली तर त्यांवर घाम धरतो, आणि त्या ओलाव्यात जिवाणूंना कवचातून आत जाणे सोपे होते. अंडी रुंद टोक वर ठेवून साठवावीत आणि प्रत्येकावर घातल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. शाईच्या मार्करची रसायने कवचातून आत झिरपू शकतात.

पहिल्या आठवड्यानंतर अंडे जितके दिवस पडून राहील तितकी ते उबण्याची शक्यता घटत जाते आणि साठवणीच्या प्रत्येक दिवसामागे पिल्लू बाहेर यायलाही सुमारे एक तास अधिक लागतो. येथे पाठवणाऱ्याने सोपा हिशेब करायचा असतो. प्रवासाला दोन-तीन दिवस आणि पोहोचल्यावर विश्रांतीसाठी एक दिवस धरला, तर निघताना अंडी तीन दिवसांपेक्षा जुनी नसावीत. चार कोंबड्यांच्या कळपातून तीन दिवसांत बारा अंडी मिळणे अवघड असते हे मला मान्य आहे. पण संख्या भरून काढण्यासाठी आठवडाभराची शिळी अंडी त्यात मिसळण्यापेक्षा ग्राहकाला सात अंड्यांचा पर्याय देणे केव्हाही चांगले.

खोक्यातला प्रवास

ताजे अंडे गरम असते आणि पूर्ण भरलेले असते. थंड होताना आतला द्रव आकसतो आणि रुंद टोकाला कवचाखालच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेची एक छोटी पोकळी तयार होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते. प्रवासात बारीक पण सतत हादरे बसत राहिले तर आतला पापुद्रा कवचापासून सुटत जातो. पोकळी पसरते, खोगिरासारखी वाकडी होते किंवा बुडबुड्याप्रमाणे अंडे फिरवू तशी फिरू लागते. जोराचा आघात झाला तर बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पिळदार दोऱ्या तुटतात किंवा बलकच फुटतो. कवच मात्र अखंड राहते. याचा अर्थ कवच फुटू नये एवढीच बांधणी पुरेशी नाही. हादरा अंड्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी जिरला पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक अंडे बबल रॅपमध्ये स्वतंत्र गुंडाळावे, पण दोन्ही टोकांना टेप लावून हवाबंद करू नये, कारण आतला गर्भ श्वास घेतो. गुंडाळीवर रुंद टोक कोठे आहे याची खूण करावी आणि सर्व अंडी ते टोक वर ठेवून उभी भरावीत. फोमच्या जाड ठोकळ्यात अंड्याच्या आकाराची भोके कापून केलेले ट्रे उत्तम असतात. ते नसतील तर पुठ्ठ्याच्या कप्प्यांत गुंडाळलेली अंडी ठेवून ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे आणि दोहोंमध्ये सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर जाडीचा मऊ भराव घालावा. भरावासाठी कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्या किंवा कोरडा, न वापरलेला लाकडाचा भुसा चालतो. शेतातले गवत किंवा पेंढा नको, त्यातून बुरशी आणि किडे जातात. बंद केलेले खोके कानाजवळ धरून हळूच हलवावे. आतून कसलाही आवाज आला तर ते उघडून पुन्हा भरावे. खोक्यावर वरची बाजू, 'नाजूक' आणि 'उबवणीची अंडी' हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत, पण त्या शब्दांवर विसंबून आतला भराव कमी करू नये, कारण पार्सलांची वर्गवारी करणारा पट्टा ते शब्द वाचत नाही.

पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला पाठवावे, म्हणजे सुट्टीचे दिवस ते गोदामात पडून राहणार नाही. पाठवण्यापूर्वी आपल्याकडचे आणि पोहोचण्याच्या ठिकाणचे, दोन्हीकडचे हवामान पाहावे. कडाक्याच्या थंडीत अंडे गोठून तडकते. उन्हाळ्यात बंद वाहनाचे तापमान तिशीच्या पुढे सहज जाते आणि गर्भ अवेळी जागा होतो. अशा दिवसांत पाठवणे पुढे ढकलावे. त्यावर गरम किंवा थंड पिशव्यांचा उपाय घरगुती पातळीवर नीट साधत नाही, कारण त्या शेजारच्या अंड्यांना जास्त आणि दूरच्यांना अजिबात लागू पडत नाहीत.

काय कबूल करावे आणि काय नाही

अंडी विकणारा फलनाची खात्री देऊ शकतो. उबवणीची देऊ शकत नाही. हे वाक्य मी व्यवहार ठरताना लेखी सांगावे असे म्हणेन, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला पुरावा असावा असेही. तो पुरावा मिळवण्याची रीत सोपी आहे. ज्या दिवशी पार्सल निघते त्या दिवशी त्याच घरट्यातील, त्याच तारखांची काही अंडी आपल्या यंत्रात किंवा रवणीवर बसलेल्या कोंबडीखाली ठेवावीत. सातव्या दिवशी उजेडासमोर धरल्यावर त्यांत लाल शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला, तर कळप फलित अंडी देतो आहे हे सिद्ध होते. घरच्या दहापैकी नऊ अंड्यांत जीव दिसत असताना पाठवलेल्या दहापैकी चारांतच दिसला, तर फरक प्रवासाचा किंवा उबवणीचा आहे असे शांतपणे म्हणता येते. आणि घरचीही चारच फळली असतील, तर पैसे परत करण्याचे कर्तव्य आपल्याकडे येते.

पाठवलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतून पिल्ले निघाली तर व्यवहार चांगला झाला असे मानावे, हे ग्राहकाला आधीच समजावून सांगावे. त्याला आणखी काही गोष्टी लिहून द्याव्यात. अंडी आल्याबरोबर यंत्रात ठेवायची नाहीत; रुंद टोक वर करून बारा ते चोवीस तास खोलीच्या तापमानाला शांत राहू द्यायची, म्हणजे हवेची पोकळी शक्य तितकी जागेवर बसते आणि अंडी सावकाश सामान्य तापमानाला येतात. यंत्र आदल्या दिवसापासून चालू ठेवून तापमान स्थिर करून घ्यायचे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश. ज्या अंड्यांची पोकळी सुटलेली दिसते ती आडवी न ठेवता उभीच उबवावीत. अशी अंडी पहिले एक-दोन दिवस फिरवू नयेत असा अनेक अनुभवी लोकांचा परिपाठ आहे. मात्र त्यानंतर फिरवणे टाळता येत नाही, कारण न फिरवलेल्या अंड्यात गर्भ पापुद्र्याला चिकटतो. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी, लाव्याची सतराव्या-अठराव्या, बहुतेक बदकांची आणि टर्कीची अठ्ठाविसाव्या आणि मस्कोव्ही बदकांची सुमारे पस्तिसाव्या दिवशी निघतात. शेवटच्या तीन दिवसांत फिरवणे बंद करून आर्द्रता वाढवायची.

वाद होतो तो बहुधा सातव्या दिवशी. ग्राहक म्हणतो, "अंडी रिकामीच होती." उजेडात स्वच्छ दिसणारे अंडे अफलित असू शकते, तसेच अगदी पहिल्या एक-दोन दिवसांत मेलेल्या गर्भाचेही असू शकते, आणि बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसतात. ते फोडून पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही. अफलित अंड्याच्या बलकावर लहान, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका असतो. फलित अंड्यात तो ठिपका मोठा, गोल आणि मध्ये फिकट असा वर्तुळासारखा दिसतो, आणि वाढ सुरू होऊन थांबली असेल तर आणखी पसरलेला किंवा रक्ताच्या कड्याने वेढलेला असतो. विकणाऱ्याने हा फरक आपल्या घरच्या न उबवलेल्या अंड्यांवर सराव करून ओळखायला शिकावे. रोज नाश्त्याला फोडलेल्या अंड्यांचे बलक पाहत गेले तरी कळपाच्या फलनाचा चांगला अंदाज येतो. ग्राहकाकडून फोडलेल्या अंड्यांची छायाचित्रे मागवणे हा त्याच्यावरचा अविश्वास नाही. दोष कळपाचा की प्रवासाचा हे ठरवण्याचा दुसरा उपायच नाही.

पिल्ले पाठवायची असतील तर

पिल्लू कवच फोडण्यापूर्वी उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेते. या शिदोरीवर ते साधारण तीन दिवस तग धरू शकते. घरट्यातली कोंबडी सगळी पिल्ले निघेपर्यंत उठत नाही, त्यामुळे आधी निघालेल्यांना वाट पाहावी लागते, आणि त्या प्रतीक्षेसाठीच ही सोय आहे. तिचा आधार घेऊन अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले पार्सलने स्वीकारायला सुरुवात केली. युरोपीय संघाच्या प्राणी-वाहतूक नियमावलीनेही पिल्लांना अन्नपाण्याशिवाय जास्तीत जास्त २४ तासांचा प्रवास, आणि तोही जन्मानंतरच्या ७२ तासांत संपणारा, अशी मर्यादा घातली आहे. या दोन आकड्यांमधला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. बहात्तर तास ही पिल्लू जगण्याची कमाल मर्यादा आहे, ते सुखरूप राहण्याची नव्हे. लवकर पाणी आणि खाद्य मिळालेल्या पिल्लाचे आतडे अधिक चांगले वाढते. शिवाय एकाच यंत्रातील पहिले आणि शेवटचे पिल्लू यांच्या जन्मात चोवीस तासांहून अधिक अंतर पडू शकते. खोके भरताना घड्याळ पहिल्या पिल्लापासून मोजावे लागते, आणि तसे मोजले की घरगुती विक्रेत्याच्या हाती प्रवासासाठी जेमतेम एक-दीड दिवस उरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की घरून विकणाऱ्याने अंडी पार्सलने पाठवावीत आणि पिल्ले शक्यतो हातोहात द्यावीत. अंड्यांचे पार्सल एक दिवस उशिरा पोहोचले तर काही अंडी उबत नाहीत. पिल्लांचे पार्सल एक दिवस उशिरा पोहोचले तर खोके उघडणाऱ्यासमोर काय असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तरीही पाठवायची वेळ आलीच, तर थेट आणि एका रात्रीत पोहोचणारी, जिवंत पक्षी स्वीकारणारी सेवा असेल तरच पाठवावीत. पूर्ण वाळलेली, डोळे चमकदार, बेंबी मिटलेली, उताणे ठेवल्यावर झटकन उठणारी पिल्लेच निवडावीत; दुबळे पिल्लू प्रवासात सुधारत नाही. पिल्ले स्वतःची ऊब राखू शकत नाहीत, ती एकमेकांच्या उबेवर जगतात, आणि म्हणूनच उबवणी केंद्रांत पंचवीस पिल्लांचा एक कप्पा ही पद्धत रूढ झाली. चार-पाच पिल्ले मोठ्या खोक्यात एकटी पाठवणे म्हणजे त्यांना थंडीत सोडणे होय. फार मोठ्या संख्येने कोंबली तर कोपऱ्यात चेंगरतात. खोक्याच्या चारही बाजूंना आणि झाकणाला वायुवीजनाची भोके हवीत, आणि शेजारी दुसरे खोके चिकटवून ठेवले तरी ती बुजू नयेत म्हणून बाजूंना उंचवटे हवेत. तळाला खरबरीत चटई किंवा लाकडाच्या मऊ तारांचा थर असावा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकून पिल्ले कायमची लंगडी होतात. पाण्याचे भांडे ठेवू नये. ते सांडते आणि ओले पिल्लू गारठते. त्याऐवजी पाणी धरून ठेवणारी जेली ठेवता येते.

विक्रीपूर्वी सांगायची आणखी एक गोष्ट नर-मादीची आहे. न निवडलेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असतात. जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२० च्या दशकात शोधून काढलेली, पिल्लाच्या गुदद्वाराची घडण पाहून लिंग ओळखण्याची पद्धत अचूक आहे, पण तिला दीर्घ प्रशिक्षण लागते आणि अननुभवी हातात पिल्लाला इजा होते. काही संकरांत मात्र रंगच लिंग सांगतो. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी यांची नर पिल्ले डोक्यावर पांढरा ठिपका घेऊन जन्मतात, माद्यांना तो नसतो. असा संकर नसेल तर पंखांच्या लांबीवरून किंवा चोचीवरून केलेल्या अंदाजाला खात्री म्हणून विकू नये. नको असलेले कोंबडे परत घेणार की नाही, हेही त्याच वेळी ठरवावे; पुढे तीन-चार महिन्यांनी आरवणारा पक्षी घेऊन माणूस दारात उभा राहतो तेव्हा तो प्रश्न कोणालाच सोडवता येत नाही.

घेणाऱ्याला पार्सल निघण्यापूर्वी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना दिव्याने ऊब देणारी जागा, तयार ठेवायला सांगावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यावे. दिव्याखाली सगळी घोळका करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. पार्सल घरपोच येण्याची वाट न पाहता ते टपाल कार्यालयातून स्वतः आणणे शक्य असेल तर आणावे, कारण तेवढ्याने पिल्लांचे कित्येक तास वाचतात. खोके उघडल्यावर एकेका पिल्लाची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवून त्याला पाणी कोठे आहे ते दाखवावे आणि सगळी पाणी प्यायल्यानंतरच खाद्य पसरावे. पाच वर्षांखालील मुलांना पहिल्या दिवसांत पिल्ले हाताळू देऊ नयेत आणि मोठ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या पिसांवरही माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला असू शकतो. संध्याकाळी दोन-तीन पिल्लांच्या मानेखालची अन्नपिशवी बोटाने चाचपून पाहावी. ती मऊ आणि भरलेली लागली तर पिल्ले खायला आणि प्यायला शिकली आहेत. कडक लागली तर पाणी कमी पडते आहे, आणि रिकामी लागली तर त्या रात्री दर काही तासांनी उठून त्यांच्याकडे पाहावे लागेल.